रॉकेटच्या फरशीला पाणी मारू नये

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. "पाणी मारलं का?" नवऱ्याला मी इतक्या वेळा हाक मारली नसेल, लेकीला इतक्या वेळा जेवायला बोलावलं नसेल. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून तो ओला ठेवायचा, नाहीतर सिमेंट नीट धरत नाही, भेगा जातात. एवढं एक सत्य मला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी उमगलं आणि बाकीची सगळी सत्यं मी त्याच्यावरून ओवाळून टाकली.

डोंबिवलीत तेव्हा पूर्वेला एकामागून एक तीन मजली इमारती उठत होत्या. त्यांतल्या एकीवर मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले. वय बावीस, अंगावर पाचवारी साडी, पायात रबरी चप्पल आणि डोक्यात हवा. स्लॅबवर अंथरलेल्या ओल्या गोणपाटात बोट खुपसायचं आणि बोट ओलं निघतंय का ते बघायचं, हे माझं सगळं शास्त्र. मुकादम कोकणातला होता. त्याने माझं नाव 'टँकर' ठेवलं होतं. मी फाटकातून आत शिरले की वरून आरोळी यायची, "टँकर आला रे, पाइप धर!" हे नाव माझं आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं, आपल्या साइटवर पाण्याचा टँकर फार वक्तशीर येतो.

एकदा श्रावणात धो धो कोसळत असताना मी छत्री घेऊन स्लॅबवर चढले आणि विचारलं, "पाणी मारलं का?" मुकादमाने आकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मारतायत बाई. वरून मारतायत." मी वहीत लिहिलं : पाणी मारले, समाधानकारक.

ही मुलगी पुढे शहाणी झाली असा माझा समज होता. नोकरी झाली, लेकीचं लग्न झालं, नवरा गेला, मी निवृत्त होऊन ठाण्याला नौपाड्यात स्थिरावले. पण जी हकिगत मला सांगायची आहे तिच्यात मी बावीस वर्षांची नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी अडुसष्टची होते, म्हणजे अजून तशी अल्लडच.

माझ्या लेकीची लेक माझ्याकडे राहते. तिचा आणि तिच्या दोन मित्रांचा वागळे इस्टेटमध्ये एक गाळा आहे. कारखान्यांच्या भट्ट्यांना आतून जे आगीला टिकणारं अस्तर लागतं, ते काँक्रीट ही तिघं बनवतात. एके दिवशी सकाळी पोहे खाता खाता ती म्हणाली, "आजी, आम्हाला एक काम मिळू शकतं. रॉकेटचं."

"रॉकेट बनवणार?"

"ऐक ना. रॉकेट वर जातं तेव्हा त्याचा खालचा मोठा भाग असतो, बूस्टर. तो पूर्वी ढकलायचं काम झालं की समुद्रात पडायचा. फुकट. आता तो परत आणतात. उभाच्या उभा खाली येतो, बुडातून जाळ सोडत वेग कमी करतो आणि पाय काढून उभा राहतो. मग साफसफाई करून पुन्हा वापरायचा."

"म्हणजे पूर्वीच्या दुधाच्या बाटलीसारखं. धुवायची आणि केंद्रावर परत द्यायची."

"हो, तसंच समज."

"आणि बाटली तुम्ही करणार?"

"नाही गं. ती जिथे उतरते ती जागा."

"म्हणजे फरशी."

"लँडिंग पॅड म्हणतात त्याला, आजी."

"खाली सपाट असतं ना? वर काहीतरी ठेवतात ना?"

तिने पोह्यातली मिरची काढून बशीच्या कडेला ठेवली. "बरं. फरशी."

काम असं होतं : दक्षिणेकडे समुद्रकिनाऱ्यावर एक कंपनी स्वतःच्या बूस्टरसाठी अशी जागा बांधणार होती. त्यांना आधी नमुना बघायचा होता. दहा फूट बाय दहा फूट स्लॅब टाकायचा, त्याच्यावर तोंड खाली करून एक मोठा बर्नर टांगायचा आणि तीस सेकंद जाळ सोडायचा. स्लॅब टिकला तर किनाऱ्यावरचं काम या तिघांचं. नाही टिकला तर पुन्हा भट्टीची अस्तरं. नात तीन वर्षं याच एका गोष्टीच्या मागे होती. तिच्या खोलीत भिंतीवर नटनट्या नाहीत, जळलेल्या काँक्रीटचे फोटो आहेत.

"अडचण एकच आहे," ती म्हणाली. "आम्हाला मिश्रण कळतं. पण आम्ही तिघांनी मिळून आजवर एका ओट्याएवढं काँक्रीट ओतलं असेल. एवढा स्लॅब कधी टाकलेला नाही. तू येशील?"

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत मी केसांचा अंबाडा घातला होता.

जाता जाता गाडीत तिने मला समजावलं. काँक्रीटच्या पोटात पाणी असतं. काही सिमेंटशी बांधलं जातं, उरलेलं बारीक छिद्रांत बसून राहतं. वरून एकदम जाळ आला की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वरचा थर फोडून निघते.

"वांगं!" मी म्हणाले.

"काय?"

"भरताचं वांगं गॅसवर ठेवण्याआधी त्याला सुरीने टोचे मारतो. नाहीतर फुटतं आणि ओटा भरतो."

नात गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मी तिला पुढे बघ म्हटलं. "आजी, अगदी हेच! आम्ही मिश्रणात प्लास्टिकचे केसाएवढे धागे घालतो. ताप लागला की ते वितळतात, त्यांच्या जागी बारीक वाटा पडतात आणि वाफ त्यांतून निघून जाते. पण नुसत्या धाग्यांनी भागत नाही. आधी स्लॅब आतपर्यंत सुकवावा लागतो, फार हळू."

वांग्याचा शोध आपण लावला या आनंदात मी इतकी गुंग होते की तिचं शेवटचं वाक्य माझ्या कानाला स्पर्श करून खिडकीतून बाहेर गेलं.

जागा दिवा स्टेशनच्या पलीकडे, शीळच्या बाजूला, एका बंद पडलेल्या दगडखाणीत घेतली होती. तीन बाजूंनी खडकाची भिंत, चौथ्या बाजूला फाटक आणि मधे पत्र्याची शेड. खाणीची राखण एक बाई करायच्या. त्यांना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचे, जरी त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. राहायला दिव्यात, गाव मूळ संगमेश्वरकडचं.

स्लॅब टाकला त्या दिवशी मी राणी होते. कुठे काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर जास्त फिरला, कुठे कमी, कुणी सळईवर पाय दिला, सगळं मला दिसत होतं. आणि पुढचे सात दिवस तर माझेच होते, कारण या काँक्रीटलाही पहिला आठवडा ओलं ठेवावं लागतं. रोज टँकर यायचा. मी गोणपाटं अंथरून घेतली, बोट खुपसलं, वहीत लिहिलं.

मावशी कमरेवर हात ठेवून बघायच्या. "आजी, आमच्या दिव्यात माणसांना आंघोळीला पाणी नाय. आणि तुमी दगडाला न्हाऊ घालताय."

"दगड नाही मावशी, बाळ आहे ते. पहिले सात दिवस फार जपायचं असतं."

"मग तीट पण लावा."

आठव्या दिवशी नातीने गोणपाटं काढली, भोवती हीटर लावले आणि सुकवायला सुरुवात केली. त्याच मिश्रणाचे छोटे ठोकळे करून गाळ्यातल्या गरम हवेच्या कपाटात सुकत ठेवले होते. रोज त्यांचं वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की स्लॅबही सुकला असं धरायचं. मग ती चार दिवसांसाठी दक्षिणेला गेली, त्या कंपनीच्या लोकांना भेटायला. निघताना मला म्हणाली, "आता स्लॅबला हात लावायचा नाही. हीटरचं मावशी बघतील. तू आराम कर."

आराम कर, असं मला कुणी सांगितलं की माझ्या तळव्यांना खाज सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाणीत हजर.

शेडमध्ये शिरले ती थेट स्लॅबपाशी गेले. स्लॅब पांढराफटक पडला होता, पापडासारखा. वाकून बघितलं तर वरच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं. पंचेचाळीस वर्षांचा अनुभव माझ्या आत उठून उभा राहिला आणि म्हणाला : पोरं शिकलेली आहेत, पण त्यांना स्लॅब कळत नाही. तो अनुभव नव्हता. ती बावीस वर्षांची पोरगी होती, छत्री घेऊन.

"मावशी, हीटर बंद करा. टँकरला फोन लावा."

"ताई नको बोलल्यात. पाण्याचं नावच काढायचं नाय बोलल्या."

"ताई माझी नात आहे. तिच्या आईला मी न्हाऊ घातलंय."

"तिला घाला ना मग. ह्या दगडाला कशाला?"

"मावशी!"

"मी लावते फोन. पण तुमी सांगितलं म्हणून हां."

दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी त्या स्लॅबला पोटभर पाणी पाजलं. रेषा दिसेनाशा झाल्या. माझा जीव थंड झाला. तिसऱ्या दिवशी हीटर पुन्हा लावले, नात यायच्या आत स्लॅब वरून पुन्हा पांढरा झाला आणि मी तिला काही बोलले नाही. लपवलं नाही हो, खरंच. मला वाटलं, चाचणी पार पडली की कौतुकाने सांगू : बघ, तुझ्या आजीने भेगा कशा बुजवल्या.

कपाटातल्या ठोकळ्यांचं वजन उतरायचं थांबलं तशी चाचणी ठरली. चाचणीला त्या कंपनीचे एक गृहस्थ आले, पिकलेल्या केसांचे, मोजकं बोलणारे. बरोबर कॅमेरा घेतलेली एक मुलगी. शेडचे पत्रे काढले होते. आम्ही सगळे लांब, काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीमागे उभे राहिलो. भिंतीला जाड काचेची एक खिडकी होती, तिच्यातून बघायचं. नातीने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. बर्नर पेटला, निळा जाळ सरळ खाली आला, स्लॅबवर आपटून चहूकडे पसरला. मला वाटलं, किती सुंदर.

"सहा, सात, आठ..."

आणि फटाक्याची लड लावावी तसा आवाज सुरू झाला. स्लॅबचे तुकडे उडायला लागले. एक येऊन आमच्या भिंतीवर आदळला. नातीने बटण दाबलं. जाळ गेला, आवाज आणखी थोडा वेळ चालू राहिला. धूर विरल्यावर बघतो तर स्लॅबच्या मधोमध परातीएवढा खड्डा.

ते गृहस्थ खड्ड्याजवळ उकिडवे बसले, एक तुकडा उचलला, ठेवला. मग नातीला म्हणाले, आणखी एक संधी देतो, सहा आठवडे. त्यानंतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. नातीने मान हलवली. तिचा चेहरा स्लॅबसारखाच पांढरा होता.

फाटकाशी मावशींनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. "आजी, त्या पाण्याने झालं का हे?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"मी काय आपणहून बोलणार नाय. पण उद्या माझ्यावर आलं, की मावशीने हीटर बंद ठेवले, तर मी सांगीन. माझी नोकरी आहे ही."

"बरोबर आहे तुमचं."

"मग सांगा तुमीच."

मला दीड दिवस लागला. हा दीड दिवस मी अतिशय कामात घालवला. मसाल्याचे डबे घासले, माळ्यावरच्या गाद्या उन्हात घातल्या, एका मैत्रिणीला तिच्या गुडघ्याबद्दल तासभर फोन केला. मनात युक्तिवाद चालूच होता. धागे कमी पडले असतील. बर्नर जवळ असेल. पाणी काय, हीटरने उडून गेलं असेल. त्या बावीस वर्षांच्या पोरीला वकिली छान जमते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात जेवणाच्या टेबलावर नवं मिश्रण लिहीत बसली होती. दोन मित्र फोनवर होते. कपाटातले ठोकळे तर कोरडे ठणठणीत, म्हणजे स्लॅब सुकलेलाच होता, म्हणजे चूक मिश्रणात. धागे दुप्पट करू या, असं ठरत होतं. मी भाजी निवडता निवडता ऐकत होते. इतके धागे घातले की काँक्रीट ओततानाच अडतं, कोपऱ्यात जात नाही, कच्चं राहतं. एवढं मला नक्की कळत होतं. पोरं बरोबर असलेली गोष्ट मोडायला निघाली होती, आणि तेही माझ्यामुळे.

"फोन ठेव," मी म्हणाले. "मी पाणी मारलं."

"कशाला?"

"फरशीला."

तिने फोन उलटा करून ठेवला. "कधी?"

"तू गेली होतीस तेव्हा. दोन दिवस. अर्धा टँकर."

"आजी, मी तुला काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही."

"मग?"

"हात नाही लावला. पाइप लावला."

ही गंमत करायची वेळ नव्हती, हे ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. जीभ ही माझ्या शरीरातली अशी एकच वस्तू आहे जिला संधिवात झालेला नाही.

मी तशीच बसून राहिले. मेथीची एक अख्खी जुडी निवडून झाली. मग दार उघडलं. तिचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं.

"म्हणजे मिश्रण बरोबर आहे," ती म्हणाली.

"हो."

"मिश्रण बरोबर आहे, आजी! काही बदलायचं नाही!" आणि लगेच पुन्हा चिडली. "तू दीड दिवस काय करत होतीस? आम्ही तिघं झोपलो नाही इथे!"

"गाद्या उन्हात घालत होते."

"मी हसणार नाहीये."

"हसू नकोस. मावशींना काही बोलू नकोस, एवढंच. त्या नको म्हणत होत्या. मी आजीपणाचा धाक घातला."

ती खुर्ची ओढून समोर बसली. मग म्हणाली, "नवा स्लॅब टाकू. पहिले सात दिवस तुझे, तू म्हणशील तितकं पाणी. आठव्या दिवसापासून तू तिथेच बसायचं, रोज, आणि त्याच्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. कुणाच्या हातून नाही. तुझ्या तर नाहीच नाही."

"राखणीला बसवतेस मला?"

"शिक्षा देतेय."

"चालेल," मी म्हणाले. "पण ते ठोकळे कपाटात नको. कपाटातल्या ठोकळ्याला स्लॅबचं काय माहीत? ते स्लॅबच्या उशाशीच ठेवा. त्याला जे होईल ते यांना होऊ दे."

तिने माझ्याकडे बघितलं, वही पुढे ओढली आणि ते लिहून घेतलं.

स्लॅब तिसऱ्या दिवशी टाकला. सात दिवस पाणी मारलं. आठव्या दिवशी मी स्वतःच्या हाताने पाइप गुंडाळला आणि मावशींच्या खोलीत नेऊन ठेवला. ती गोष्ट मला वाटली होती त्यापेक्षा जड गेली. चार-पाच दिवसांत स्लॅब पांढरा पडायला लागला, बारीक रेषा आल्या. नातीने आधीच सांगितलं होतं की त्या फक्त वरच्या आहेत, नखाएवढ्याही खोल नाहीत. मला मान्य होतं. माझ्या हातांना मान्य नव्हतं. म्हणून मी विणकाम न्यायला लागले. मला विणता येत नाही, पण दोन्ही हात अडकून राहतात.

रोज सकाळी वागळेहून निघणाऱ्या टेंपोत बसायचं, शेडमध्ये खुर्ची टाकायची, तासातासाला हीटरचा आकडा वहीत लिहायचा. ताप एकदम वाढवायचा नाही, चुलीवर दूध ठेवल्यासारखा हळू चढवायचा. ठोकळ्यांचं वजन सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कोपऱ्यांना मी नावं दिली होती : खडकाकडचा, फाटकाकडचा, मावशींचा, माझा. एके दिवशी खडकाकडचा हीटर बंद पडला आणि नवा यायला संध्याकाळ झाली. तेही लिहिलं.

लेकीचा कल्याणहून रोज फोन. "आई, अगं तुझं वय काय, त्या खाणीत काय बसतेस? तुझ्या गुडघ्यांना शेक दे."

"शेकच देतेय. गुडघ्यांना नाही, एवढाच फरक."

मावशींनी तर पोलिसगिरी सुरू केली. त्यांच्या खोलीतून मी पाण्याची बाटली घेऊन शेडकडे निघाले की हाक यायची, "आजी, झाकण लावा!" एकदा टँकरवाला सवयीने येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी फाटकातूनच परतवला, आणि परतवताना त्याच्याकडून दोन हंडे भरून घेतले. "फुकट जाणारं पाणी आहे, आजी. दिव्याला नेते."

पाचव्या आठवड्यात एका दुपारी अवकाळी सर आली. शेडचा पत्रा एका खिळ्यापाशी गळायला लागला, बरोबर स्लॅबच्या वर. मावशींनी भाकरीची परात आणली. परात स्लॅबवर ठेवायची तर तळाला ओल असेल, म्हणून मी ती दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिले. हात भरून आले की त्या धरायच्या.

"कोण बघेल तर काय म्हणेल?" मावशी म्हणाल्या.

"म्हणेल, म्हाताऱ्या पूजा करतायत."

"म्हाताऱ्या कोण?"

"मी. तुम्ही फक्त मावशी."

सर तासाभराने थांबली. स्लॅबवर एक थेंब पडला नाही. माझे खांदे पुढे चार दिवस वर उचलत नव्हते, पण ते मी वहीत लिहिलं नाही.

सहावा आठवडा. तेच गृहस्थ, तीच कॅमेऱ्याची मुलगी. पुन्हा ब्लॉकची भिंत. नातीने आकडे सुरू केले. आठला माझे डोळे आपोआप मिटले. नऊ ऐकू आलं. दहा ऐकू आलं. उघडून बघितलं तर जाळाखाली स्लॅबचा मध्य आधी काळवंडला, मग लालसर व्हायला लागला, पण होता तिथेच. वीस. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

जाळ गेला. मग नातीचा एक मित्र जोरात ओरडला आणि सगळे ओरडायला लागले.

स्लॅब निवायला दुपार झाली. गृहस्थ त्याच्याभोवती दोनदा फिरले, फोटो काढवले, मध्यावरून हात फिरवला. वरचा एक पातळ पापुद्रा तेवढा गेला होता. ते नातीला म्हणाले, छान, आणि हात पुढे केला.

मी तोवर हातोडी घेऊन खाली बसले होते. स्लॅब डोळ्यांनी बघायचा नसतो, तो वाजवायचा असतो. प्रत्येक वीतभर अंतरावर हलकेच ठोकायचं. पक्कं काँक्रीट टणटणीत बोलतं. आत थर सुटलेला असेल तर भद्द वाजतं. फाटकाकडचा कोपरा टणटणीत, मधला भाग टणटणीत, मावशींचा, माझा, सगळे टणटणीत. खडकाकडच्या कोपऱ्यात आले आणि भद्द.

पुन्हा ठोकलं. भद्द. हातभर लांब, वीतभर रुंद पट्टा. डोळ्याला काही दिसत नव्हतं. माझ्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. नात हसत होती, तिला असं हसताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. गृहस्थांची गाडी फाटकाशी उभी होती. हातोडी खाली ठेवून उठायला मला काहीच कष्ट नव्हते.

पण उद्या किनाऱ्यावरच्या अशाच एका कोपऱ्यावर एक पाय टेकणार होता. इमारतीएवढ्या उंच बूस्टरचा पाय.

"अगं, इकडे ये," मी हाक मारली. "आणि त्यांनाही बोलाव. हा कोपरा पोकळ वाजतोय."

नातीचं हसू गेलं. ती आली, गुडघ्यांवर बसली, माझ्या हातातून हातोडी घेतली, ठोकलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, आजी, आत्ताच सांगायला हवं होतं का? ती म्हणाली, "केवढा आहे? खडूने आख."

मी आखला. गृहस्थांनी स्वतः ठोकून बघितलं, तीन-चार वेळा. का झालं असेल, असं विचारलं. मी वही उघडली. याच कोपऱ्याचा हीटर एक दिवस बंद होता. नात पानामागून पान वाचून त्यांना हिंदीत सांगत गेली : त्या दिवशीचे आकडे, नवा हीटर किती वाजता आला, त्यानंतर तो कोपरा बाकीच्यांच्या मागे कसा राहिला. म्हणजे बाकीचा स्लॅब आतपर्यंत सुकला होता आणि हा नव्हता. ते ऐकताना गृहस्थ मधेच माझ्या वहीत वाकले. अक्षर मराठी, त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे मी इंग्रजीत लिहिले होते, ते येत होते. बराच वेळ ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

शेवटी म्हणाले, हा कोपरा कापून काढा, पुन्हा भरा, पुन्हा सुकवा आणि तेवढ्याचीच पुन्हा चाचणी करून मला कळवा. तो टिकला की किनाऱ्यावरचं काम तुमचं. आणि तिकडेही प्रत्येक कोपऱ्याचा हिशेब असाच ठेवायचा.

"ठेवू," नात म्हणाली. तिने एवढंच म्हटलं, पण दात आवळून. मला तो आवाज ओळखीचा वाटला. हे घराणंच हट्टी आहे.

त्यांची गाडी गेल्यावर तिने बाह्या वर केल्या आणि मित्रांना छिन्नी आणि कटर आणायला पिटाळलं. "आज तोडून घेऊ. उद्या भरू. एक दिवस पण घालवायचा नाही."

मी खडूची रेघ जरा मोठी करत होते, कारण सुटलेला थर कडेला नेहमी थोडा पुढे गेलेला असतो. कटर सुरू झालं. पांढरी धूळ उडाली.

"आजी, धूळ जाते नाकातोंडात. तू लांब बस बघू."

मी लांब बसले. दोन हात लांब.